पार्श्वभूमी : ड्रायव्हर म्हणजे नेमका कुठला?

इंदूरच्या कुठल्याही जुन्या प्रयोगशाळेत लॉक-इन ॲम्प्लिफायर (गोंगाटातून क्षीण संकेत वेचून मोजणारं उपकरण) फिरवून पाठ पाहिली, तर 24 पिनांचं सॉकेट दिसतं आणि शेजारी पाच बारीक स्विचांची रांग. त्या स्विचांवर उपकरणाचा पत्ता ठरतो, 0 ते 30. आमच्याकडे तो कागदी पट्टीवर पेनाने लिहून वर चिकटवलेला असे, कारण स्विचच्या वर-खालीचा अर्थ कुणालाच पाठ नव्हता.

त्या सॉकेटातून उपकरणं संगणकाला जोडणारी ही वाहिनी 1960 च्या दशकाच्या अखेरीस ह्यूलेट-पॅकार्ड (एचपी) या अमेरिकी उपकरण कंपनीने घडवली आणि 1975 मध्ये तिला आयईईई-488 हा मानक क्रमांक मिळाला. एका वाहिनीवर संगणक धरून 15 उपकरणं आणि केबलची एकूण लांबी फार तर 20 मीटर. कंपनीच्या घरात ती एचपीआयबी, बाहेर जीपीआयबी. युरोपच्या आयईसी-625 मध्ये सॉकेट 25 पिनांचं होतं, अगदी सिरियल पोर्टसारखं. चुकीची केबल लागली तर 5 व्होल्टच्या वाहिनीवर 12 व्होल्ट आदळायचे. ते सॉकेट मागे पडलं यात नवल नाही.

उपकरणाची पाठ पन्नास वर्षांत फारशी बदलली नाही, बदलत राहिला तो संगणक. वाहिनी संगणकाला जोडायला आधी आयसा या जुन्या स्लॉटचं कार्ड, मग पीसीआय, मग पीसीआय एक्सप्रेस, मग यूएसबी ॲडॉप्टर. 2000 नंतरच्या मदरबोर्डांवरून आयसा जवळपास नाहीसा झाला आणि त्या स्लॉटचा जुना बोर्ड मिळतो का म्हणून सिल्व्हर मॉलच्या संगणक-बाजारात चकरा मारणारे लोक मी पाहिले आहेत. त्यांच्या कार्डात काही बिघाड नव्हता.

खरा गुंता ‘ड्रायव्हर’ या शब्दात आहे. इंडेंटमध्ये, म्हणजे खरेदीच्या मागणीपत्रात, आपण सर्रास लिहितो, ‘इंटरफेस कार्ड, ड्रायव्हरसहित’. पुरवठादार सीडी देतो, स्टोअर शिक्का मारतं आणि महिन्याभराने कळतं की हवा होता तो ड्रायव्हर हा नाहीच. एका नावाखाली तीन वेगळ्या गोष्टी नांदतात. पहिला, कार्ड ऑपरेटिंग सिस्टिमला ओळखू देणारा. 2014 च्या एप्रिलमध्ये विंडोज एक्सपीचा आधार संपला आणि 64 बिटांच्या विंडोजवर जावं लागलं, तेव्हा जुन्या कार्डांपाशी नेमका हाच नव्हता. दुसरा, मधला थर, म्हणजे व्हिसा. उपकरण जीपीआयबीवर असो, सिरियलवर की यूएसबीवर, प्रोग्रामला फक्त लिहा-वाचा एवढंच दिसावं म्हणून 1990 च्या दशकात तो आला. तिसरा, त्या-त्या उपकरणाच्या भाषेचा. दोन मॉडेलांची भाषा वेगळी, म्हणून ड्रायव्हरही वेगळे.

तिसऱ्यावर बराच वाद झाला. 1987 मध्ये आयईईई-488.2 आलं आणि ‘*आयडीएन?’ विचारलं की उपकरण आपली कंपनी, मॉडेल, अनुक्रमांक आणि फर्मवेअर स्वल्पविराम देऊन सांगू लागलं. 1990 मध्ये स्किपी या मानकाने उपकरणांच्या आज्ञांनाही समान वळण दिलं. पुढे 1998 मध्ये उभ्या राहिलेल्या एका संघाने आणखी मोठं आश्वासन दिलं : आयव्हीआय ड्रायव्हर वापरा, एका कंपनीचा मल्टिमीटर काढून दुसऱ्या कंपनीचा लावा, प्रोग्रामला हात लावू नका. मल्टिमीटर, ऑसिलोस्कोप, पॉवर सप्लाय यांना समान ड्रायव्हरचे वर्ग मिळाले, लॉक-इनला नाही. म्हणजे पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेतलं निम्मं टेबल बाहेरच. माझं मत विचाराल तर स्किपीच्या आज्ञा व्हिसावरून थेट लिहिलेल्या बऱ्या. चुकलं तर कुठे चुकलं ते दिसतं. बहुतेक वेळा चूक आज्ञेची ओळ संपल्याचं सांगणाऱ्या शेवटच्या अक्षरात निघते.

व्हिसाही निर्दोष नाही. दोन कंपन्यांचा व्हिसा एकाच संगणकावर टाकला की प्रमुख कोण यावरून त्यांचं जुंपतं आणि काल दिसणारा ॲडॉप्टर आज दिसत नाही.

इंदूरच्या सिंक्रोट्रॉनची, म्हणजे इलेक्ट्रॉन वेगाने फिरवणाऱ्या प्रवेगकाची, गोष्ट निराळी, कारण तिथे प्रश्न टेबलाचा नसून अख्ख्या यंत्राचा होता. 2.5 जीईव्हीच्या इंडस-2 साठी खाली व्हीएमई क्रेट (नियंत्रक कार्डांची पेटी), मध्ये प्रोफिबस (जोडणारी वाहिनी) आणि वर विकतचं स्काडा (देखरेख-नियंत्रणाचं सॉफ्टवेअर) अशी थरांची रचना निवडली गेली. तेव्हा परदेशांतल्या अनेक प्रवेगकांवर एपिक्स हे मुक्त नियंत्रण-सॉफ्टवेअर रुळलेलं होतं. एपिक्स घेतलं तर उपकरणाचा ड्रायव्हर बऱ्याचदा स्वतः लिहावा लागतो किंवा दुसऱ्या प्रयोगशाळेने लिहिलेला उचलता येतो. विकतच्या स्काडात तो कंपनीकडून येतो आणि तिच्याच मर्जीने जातो. त्या निवडीवर चहाच्या टेबलावर मतं अजून पडतात.

2003 मध्ये यूएसबीचा चाचणी-मापन वर्ग ठरला, 2005 मध्ये इथरनेटवरचं एलएक्सआय हे मानक आलं. नव्या ऑसिलोस्कोपला कार्डच लागत नाही. व्हॅक्यूम गेज आणि तापमान नियंत्रक मात्र आरएस-485 ही सिरियल वाहिनी सोडायला तयार नाहीत, आणि लांब हॉलमध्ये त्यांचंच बरोबर आहे : दोन तारांवर 1200 मीटर जाता येतं.

जीपीआयबीचा लिनक्स ड्रायव्हर कित्येक वर्षं कर्नलबाहेर, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याबाहेर, राहिला. प्रत्येक अपडेटनंतर तो पुन्हा बांधून घ्यायचा, हा सोमवार सकाळचा उद्योग. 2025 च्या जानेवारीत कर्नलच्या 6.13 आवृत्तीत तो आत आला, तोही उमेदवारांच्या ओसरीवर, स्टेजिंगमध्ये.