डॉक्टरांचा व्यावसायिक दायित्व विमा : कोकणातील दवाखाने आणि छोट्या रुग्णालयांसाठी पात्रता, कागदपत्रे, अर्ज

मे महिन्यात कणकवलीत तपासलेला चाकरमानी जूनमध्ये मुंबईला परततो आणि तक्रार करायचीच झाली तर तिथेच करतो. २० जुलै २०२० पासून लागू झालेल्या ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार तक्रारदाराला तो राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात जाता येते. म्हणजे डॉक्टर कणकवलीत आणि तारखा मुंबईत. वकिलाची फी, हेलपाटे आणि बंद राहिलेली ओपीडी यांचा खर्च केस जिंकली तरी होतोच. म्हणून उपचारातल्या चुकीच्या तक्रारींसाठीचा हा विमा घेताना भरपाईच्या रकमेइतकाच बचावाच्या खर्चाचाही हिशेब करावा.

कोणती पॉलिसी, कोणाला

पॉलिसी दोन प्रकारच्या असतात. एक डॉक्टरच्या व्यक्तिगत नावाने, दुसरी रुग्णालयाच्या नावाने. स्वतःचे १० खाटांचे रुग्णालय असेल तर दोन्ही लागतात, कारण परिचारिकेच्या किंवा कंपाउंडरच्या चुकीची तक्रार रुग्णालयावर येते. आठवड्यातून एकदा कोल्हापूरहून किंवा गोव्याहून येणाऱ्या सर्जनची आणि भूलतज्ज्ञाची स्वतःची चालू पॉलिसी आहे का, हे पाहून तिची प्रत फाइलला लावावी. इथे ‘ओळखीचे आहेत’ म्हणून कोणी मागत नाही, आणि नेमके तिथेच अडते.

पात्रतेची मुख्य अट म्हणजे वैध नोंदणी. ॲलोपॅथीसाठी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल, आयुर्वेद आणि होमिओपॅथीसाठी त्यांच्या-त्यांच्या परिषदा. विमा तुमच्या नोंदलेल्या शाखेपुरताच असतो. होमिओपॅथने ॲलोपॅथीची औषधे देणे हाच निष्काळजीपणा आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये पूनम वर्मा खटल्यात म्हटले. खेड-मंडणगडच्या वाड्यांत अशी मिश्र प्रॅक्टिस सर्रास चालते. तिथे पॉलिसी हातात असूनही दावा नाकारला जाऊ शकतो.

कागदपत्रे

पदवी प्रमाणपत्र, परिषदेची नोंदणी आणि तिचे ताजे नूतनीकरण, पॅन, आधार, जुन्या पॉलिसीची प्रत. एमडी किंवा डीजीओ (प्रसूती व स्त्रीरोगाची पदविका) केले असेल तर ती वाढीव पदवी कौन्सिलकडे नोंदवलेली हवी. नुसते विद्यापीठाचे प्रमाणपत्र पुरत नाही. रुग्णालयासाठी यांखेरीज महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी, सोनोग्राफी असेल तर पीसीपीएनडीटी (गर्भलिंगनिदान प्रतिबंधक कायद्याखालची) नोंदणी, जैववैद्यकीय कचऱ्याची परवानगी, खाटांची संख्या, वर्षभरातील ओपीडी व आंतररुग्णांचे आकडे आणि कर्मचाऱ्यांची शिक्षणासह यादी.

प्रपोजल फॉर्म एजंटला कोरा सही करून देऊ नका. पूर्वीच्या नोटिसा, तक्रारी, मिटवलेली प्रकरणे हा रकाना स्वतः भरा. ‘नाही’ असे लिहिले आणि नंतर जुनी नोटीस निघाली, तर माहिती लपवली म्हणून पॉलिसीच रद्द होऊ शकते.

मर्यादा निवडताना

फॉर्ममध्ये ‘एका घटनेसाठी : पूर्ण वर्षासाठी’ असे प्रमाण विचारतात. वर्षाची मर्यादा १ कोटी आणि प्रमाण १:४ निवडले तर एका प्रकरणात जास्तीत जास्त २५ लाखच मिळतात. प्रीमियम कमी दिसतो म्हणून हे प्रमाण गळ्यात मारले जाते. प्रसूती किंवा शस्त्रक्रिया करणाऱ्यांनी १:१ घ्यावे. बहुतेक पॉलिसींत वकिलाचा खर्चही याच रकमेतून वजा होतो, हे लक्षात ठेवा. प्रीमियमवर १८ टक्के जीएसटी लागतो, आणि पैसे कंपनीकडे पोचल्याशिवाय जोखीम सुरू होत नाही.

रेट्रोॲक्टिव्ह तारीख

सर्वांत जास्त नुकसान इथे होते. ही पॉलिसी ‘क्लेम्स मेड’ पद्धतीची असते. रेट्रोॲक्टिव्ह तारीख म्हणजे ज्या तारखेपासूनचे उपचार पॉलिसीत धरले जातात ती तारीख. उपचार तिच्यानंतरचा हवा आणि दावाही पॉलिसी चालू असतानाच आलेला हवा. आयोगात तक्रार करायला रुग्णाला दोन वर्षे मिळतात. म्हणजे २०२३ च्या शस्त्रक्रियेची नोटीस २०२५ मध्ये आली तर २०२५ ची पॉलिसी कामी येते, तीही मधे खंड पडला नसेल तरच. नूतनीकरण गणपतीत येत असेल तर पैसे श्रावणातच भरा. चार दिवसांचा खंड पडला तरी कंपनी तारीख नव्याने धरू शकते आणि मागची सारी वर्षे उघडी पडतात. कंपनी बदलताना जुनी रेट्रोॲक्टिव्ह तारीख नव्या पॉलिसीवर छापून घ्या. प्रॅक्टिस बंद केल्यावरही निदान दोन-तीन वर्षे पॉलिसी चालू ठेवावी.

कंपनी तारखांबाबत एवढी ताणून का धरते? दाव्याचा निकाल लागायला वर्षे जातात आणि तोवर तेवढी रक्कम तिला राखून ठेवावी लागते. सर्वसाधारण विमा कंपनीला गुंतवणुकीचा किमान ३० टक्के भाग सरकारी व मान्य रोख्यांत ठेवावा लागतो. किती दावे अजून यायचे आहेत याचा अंदाज नसेल तर कोणता रोखा किती मुदतीचा घ्यायचा हेच ठरत नाही. दाव्याचे वर्ष पक्के झाले की तो हिशेब जमतो.

नोटीस आल्यावर

वकिलाची नुसती नोटीस असली तरी त्याच दिवशी कंपनीला लेखी कळवा आणि पोच घ्या. आयोगात लेखी म्हणणे द्यायला ३० दिवस असतात, फार तर १५ वाढतात. त्यापुढे एक दिवसही मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०२० मध्ये स्पष्ट केले आहे. कंपनीच्या लेखी संमतीशिवाय चूक कबूल करू नका, पैसे देऊन मिटवू नका. गावातली प्रतिष्ठित मंडळी मध्ये पडतात, ‘थोडे द्या नि सोडा’ म्हणतात. तसे केले तर विमा हातचा जातो. फौजदारी गुन्ह्याचा दंड पॉलिसीत बसत नाही.

दावा टिकतो तो कागदांवर. फुरसे (विषारी साप) चावलेल्या रुग्णाला गोव्यातल्या बांबोळीला किंवा कोल्हापूरला पाठवताना वेळ, नाडी, रक्तदाब, दिलेल्या प्रतिविषाच्या कुप्या आणि पाठवण्याचे कारण लिहून नातेवाइकाची सही घ्या, एक प्रत स्वतःकडे ठेवा. जुलै २०२१ मध्ये चिपळूणला वाशिष्ठीचे पाणी भरले तेव्हा तळमजल्यावरचे कागद वाचवायला वेळच नव्हता. केसपेपर आणि संमतिपत्रे दर आठवड्याला स्कॅन करून ती दुसऱ्या ठिकाणी जपा, मूळ प्रती वरच्या मजल्यावर ठेवा, आणि पॉलिसीच्या सगळ्या वर्षांच्या प्रती त्यांच्याच शेजारी.