हिपॅरियनची दाढ आणि कोटी वर्षांचा हिशेब

पन्हाळ्याच्या तटाखालचा काळा कातळ एके काळी लाव्हा होता. दख्खनच्या लाव्हाथरांची जी यादी भूशास्त्रज्ञ वापरतात, तिच्यात अगदी वरच्या थरांपैकी एकाला ‘पन्हाळा’ हेच नाव आहे. हे सगळे थर साधारण 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीच्या सुमाराचे. एवढं नेमकं सांगता येतं, कारण लाव्हा थिजला की त्यातल्या पोटॅशियमचं घड्याळ सुरू होतं. पोटॅशियमचा एक किरणोत्सारी प्रकार ठरलेल्या गतीने ऱ्हास पावतो, त्यातून अर्गॉन वायू तयार होतो आणि दगडात अडकून पडतो. तो मोजला की वय मिळतं. पण रंकाळ्यापासून मसाई पठारापर्यंत कुठलाही काळा दगड फोडा, त्यात हाड सापडणार नाही. वितळलेल्या खडकात हाड राहील कसं? आपल्या कातळाला वय आहे, पण त्याच्या पोटात प्राणी नाहीत.

हिमालयाच्या पायथ्याच्या सिवालिक टेकड्यांत नेमकं उलटं आहे. पाकिस्तानातल्या पोटवार पठारापासून हिमाचल, उत्तराखंड आणि पुढे नेपाळपर्यंत नद्यांनी आणून टाकलेल्या वाळूचे आणि गाळाचे हे थर काही किलोमीटर जाडीचे आहेत. त्यांत हत्ती, जिराफ, गेंडे, पाणघोडे, घोडे, वानर यांची हाडं आणि दात आहेत. 1830च्या दशकात ह्यू फाल्कनर आणि प्रोबी कॉटली यांनी इथूनच शिवथेरियम हा जिराफाचा अवाढव्य भाऊबंद जगापुढे आणला. पण या थरांना स्वतःचं घड्याळ नाही. वाळूच्या कणाचं वय काढलं तर ज्या डोंगरातून तो झिजून आला त्या डोंगराचं वय हाती येतं. थर कधी साचला हे त्यावरून कळत नाही. मध्येच ज्वालामुखीची राख सापडली तर सोनं म्हणायचं, पण ती क्वचितच सापडते.

मग काळ मोजायचा कसा? समुद्रात साचलेल्या खडकांचा प्रश्न त्या मानाने लवकर सुटला होता. चार्ल्स लायेल याने 1833 मध्ये शिंपल्यांच्या जीवाश्मांत आज जगात असलेल्या जातींचं प्रमाण किती, ते मोजून इओसिन, मायोसिन, प्लायोसिन असे कालखंड पाडले. नदीच्या गाळात हे समुद्री शिंपले नसतात. तिथे उपयोगी पडतात ते सस्तन प्राणी. त्यांच्या जाती भराभर बदलतात, एखादी जात साधारण दहा-वीस लाख वर्षं टिकते आणि जाते. शिवाय दातावरचं एनॅमल हा शरीरातला सर्वांत कठीण पदार्थ. बाकीचं हाड कुजून गेलं तरी दात उरतो, आणि जात ओळखायला बऱ्याचदा तेवढा एक दात पुरतो.

यातही नव्याने आलेला प्राणी सर्वांत मोलाचा. कोल्हापूरकरांना हे ब्रह्मपुरीवरून चटकन कळेल. पंचगंगेकाठच्या त्या टेकडीवर 1940च्या दशकात सातवाहनकाळातल्या वस्तू निघाल्या आणि त्यांत रोमन बनावटीच्या कांस्यवस्तूही होत्या. त्यांतली पोसायडनची छोटी मूर्ती टाऊन हॉलच्या संग्रहालयात आहे. रोमशी व्यापार सुरू होण्याआधीच्या थरात ही मूर्ती असूच शकत नाही. परक्या ठिकाणाहून आलेली वस्तू थराच्या वयाला मागची हद्द घालून देते, आणि परक्या खंडातून आलेला प्राणीही तेच करतो.

असा सर्वांत प्रसिद्ध पाहुणा म्हणजे हिपॅरियन, प्रत्येक पायाला तीन खूर असलेला घोडा. घोड्यांचं कुळ वाढलं उत्तर अमेरिकेत. समुद्राची पातळी खाली गेली आणि आजच्या बेरिंग सामुद्रधुनीच्या जागी कोरडी जमीन उघडी पडली, तेव्हा हे घोडे आशियात उतरले आणि तिथून युरोप-आफ्रिकेपर्यंत पसरले. हिपॅरियनची वरची दाढ हातात घेऊन चावण्याच्या बाजूने पाहावी. एनॅमलच्या पांढुरक्या रेषा नागमोडी वळणं घेत गेलेल्या दिसतात आणि आतल्या, म्हणजे जिभेकडच्या बाजूला एक छोटं लांबट कडं या सगळ्यांपासून सुटं असतं. चहूबाजूंनी वेगळं पडलेलं बेटच ते. आजच्या घोड्याच्या, म्हणजे इक्वसच्या दाढेत हे बेट मुख्य भागाला जोडलेलं असतं. सिवालिकात हिपॅरियन पोचला सुमारे 1 कोटी 8 लाख वर्षांपूर्वी, इक्वस सुमारे 26 लाख वर्षांपूर्वी. म्हणजे बेट सुटं आहे की जोडलेलं, एवढं पाहून थर कुठल्या तारखेच्या अलीकडचा हे सांगता येतं. एका दाढेवरून एवढं कळावं, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

अशा नोंदी जुळवून अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांच्या एका समितीने 1941 मध्ये उत्तर अमेरिकेचे सस्तन-काल, म्हणजे सस्तन प्राण्यांवरून ओळखायचे कालखंड, ठरवले. पुएर्कन, वासाचियन, बार्स्टोव्हियन, ब्लँकन अशी त्यांची नावं आहेत. प्रत्येक कालासाठी पहिल्यांदा दिसणारे, शेवटचे दिसणारे आणि फक्त त्याच काळात सापडणारे प्राणी कोणते, याच्या याद्या केल्या. नंतर जोडलेल्या कालांचंही तसंच. मॅमथ आला की ब्लँकन संपला आणि इर्व्हिंग्टनियन सुरू झाला. बायसन आला की पुढचा रँचोलाब्रियन. यातला पहिला काल पुएर्कन. डायनोसॉर संपल्यावर लगेच सुरू होणारा, म्हणजे आपल्या पन्हाळ्याच्या लाव्हाच्या आसपासचा.

पण पाहुणा सगळीकडे एकाच वेळी पोचतो का? गेल्या वीसेक वर्षांत कर्नाटकातले हत्ती चंदगड-आजरा भागात येऊ लागले. आजऱ्यातल्या शेतकऱ्याला टस्कर म्हणजे काय ते सांगावं लागत नाही, उसाचं झालेलं नुकसान त्याने डोळ्यांनी पाहिलंय. पन्हाळा-शाहूवाडीकडे मात्र गव्याची भीती, हत्तीची नाही. एकाच जिल्ह्यात हे अंतर आहे, तर खंड ओलांडताना किती पडेल? हिपॅरियन सगळीकडे एकदमच आला असं पूर्वी धरून चालत. नंतर थरांतल्या चुंबकत्वाच्या नोंदी तपासल्या गेल्या. पृथ्वीचे चुंबकीय ध्रुव वेळोवेळी उलटतात, त्याच्या खुणा गाळातही उरतात आणि लाव्हातही. लाव्हाचं वय माहीत असल्यामुळे त्या उलटापालटीच्या तारखा ठरल्या आणि त्यांच्याशी सिवालिकचे थर ताडून पाहता आले. मध्य युरोपात हिपॅरियन 1 कोटी 10 लाख वर्षांच्याही आधी पोचला होता, सिवालिकात तो त्यानंतर दोन-चार लाख वर्षांनी आला. म्हणून प्रत्येक खंडाची कालगणना वेगळी ठेवावी लागते आणि त्यांचे सांधे चुंबकत्वाने जुळवावे लागतात. मला ही या पद्धतीची कमजोरी वाटत नाही. प्राणी कुठल्या वाटेने, कुठल्या अडथळ्यापाशी थांबत आले, हे याच फरकातून कळतं.

काही तारखा मात्र स्थलांतराच्या नाहीत, जागच्या जागी झालेल्या बदलाच्या आहेत. पोटवारचा गाळ पाण्याखाली चाळून उंदरांच्या मिलिमीटर-दोन मिलिमीटरच्या दाढा वेचल्या गेल्या. 1 कोटी 40 लाख ते 1 कोटी 20 लाख वर्षांपूर्वीच्या थरांत त्या दाढांवरचे उंचवटे टप्प्याटप्प्याने आडव्या रांगांत जुळत गेलेले दिसतात. हत्तीची कवटी संग्रहालयात गर्दी खेचते, काळ मोजायला मात्र उंदीर जास्त कामाचा. तो जवळपास प्रत्येक थरात असतो आणि लवकर बदलतो.

भारतीय उपखंडाची घडी अजून नीट बसलेली नाही. गाय पिलग्रिम या भूशास्त्रज्ञाने 1910 च्या सुमारास सिवालिकचे चिंजी, नागरी, ढोक पठाण, तत्रोट, पिंजोर असे विभाग केले. तीच नावं खडकाच्या थरांनाही पडली आणि काळालाही, आणि तिथून घोळ सुरू झाला. वाळूचा थर एका दरीत आधी साचतो, दुसऱ्या दरीत नंतर, पण नाव एकच असेल तर काळही एकच समजला जातो. 1982 मध्ये पोटवारसाठी प्राण्यांच्या नावाचे पट्टे सुचवले गेले, म्हणजे खडकावरून नाही तर त्यातल्या प्राण्यांवरून ठरणारे थरांचे भाग. हिपॅरियनचा पट्टा, हेक्साप्रोटोडॉन या पाणघोड्याचा, एलिफस प्लॅनिफ्रॉन्स या हत्तीचा. माझ्या मते हीच वाट बरोबर आहे, फक्त ती हिमाचल आणि उत्तराखंडच्या टेकड्यांत तितक्याच बारकाईने पुढे न्यायला हवी.

महाराष्ट्रातही हे काम आहे. मांजरा, गोदावरी आणि शेजारच्या नर्मदेच्या जुन्या गाळात हत्ती, रानबैल आणि चक्क पाणघोड्याचेही जीवाश्म मिळाले आहेत. हे सगळे प्लाइस्टोसिनमधले, म्हणजे 26 लाख वर्षांपासून 11,700 वर्षांपर्यंतच्या काळातले. विहीर खणताना, वाळू काढताना, नदीचा काठ ढासळल्यावर असा जड, दगड झालेला दात हाती लागू शकतो. एकोणिसाव्या शतकात सिवालिकातून गोळा झालेल्या कित्येक कवट्या कुठल्या थरातून निघाल्या याची नोंदच झाली नाही, त्यामुळे काळ ठरवायला त्या आज फारशा उपयोगी पडत नाहीत. म्हणून दात दिसला तर लगेच उपसू नका. आधी जागेवरच फोटो घ्या, शेजारी मोजपट्टी ठेवा, जमिनीपासून खोली मोजा, वरखाली वाळू आहे की गोटे की काळी माती ते लिहून ठेवा, आणि मगच जवळच्या महाविद्यालयाच्या भूशास्त्र विभागाला किंवा पुण्याच्या डेक्कन कॉलेजला कळवा.