पंधरा चिठ्ठ्या, तीन विजेते

ऑस्करचा सोहळा लॉस एंजेलिसला रविवारी संध्याकाळी सुरू होतो, तेव्हा आमच्या गोव्यातल्या फोंड्यात सोमवारची पहाट असते. पोदेर (पाववाला) सायकलचा भोंपू वाजवत फिरत असतो आणि आमच्या नाटकमंडळीतले चार-पाच दर्दी मोबाइलला डोळे लावून बसलेले असतात. आठच्या सुमाराला भाजी-पाव खायला सगळे हॉटेलात जमले की भांडण ठरलेलं. "हा सर्वोत्कृष्ट? मत देणाऱ्यांनी तो बघितला तरी होता काय मरे?"

एकदा कंटाळून मी बिलाच्या कोऱ्या पाठीवर हिशेब मांडला. समजा, आपण पंधरा जण आहोत आणि नामांकनं तीनच आहेत: एक युद्धपट, एक कौटुंबिक, एक विनोदी. प्रत्येकाने चिठ्ठीवर पहिली, दुसरी, तिसरी पसंती लिहायची. सहा जणांनी लिहिलं: युद्धपट, विनोदी, कौटुंबिक. पाच जणांनी: कौटुंबिक, विनोदी, युद्धपट. उरलेल्या चौघांनी: विनोदी, कौटुंबिक, युद्धपट.

आता सांगा, जिंकला कोण?

"युद्धपट. सहा मतं, सगळ्यांत जास्त," टेबलावरून लगेच उत्तर आलं. बरोबर. आपल्या आमदाराची निवडणूक अशीच होते. पण नऊ जणांनी तोच सिनेमा शेवटी टाकलाय, त्याचं काय?

म्हणून दुसरी रीत. पहिल्या फेरीत कुणालाच निम्म्याहून जास्त मतं नाहीत, तेव्हा सगळ्यांत कमी मतांचा सिनेमा बाद करायचा आणि त्याच्या चिठ्ठ्या पुढच्या पसंतीला द्यायच्या. विनोदी बाद. त्याची चारही मतं कौटुंबिककडे जातात आणि तो नऊ विरुद्ध सहा असा जिंकतो.

तिसरी रीत फ्रान्सच्या जाँ-शार्ल द बोर्दा या गणितज्ञाची, अठराव्या शतकातली. पहिल्या पसंतीला दोन गुण, दुसरीला एक, तिसरीला शून्य. बेरीज केली तर युद्धपट 12, कौटुंबिक 14, विनोदी 19. म्हणजे पहिल्या पसंतीत तळाशी असलेला विनोदी अव्वल! त्याच काळातला फ्रेंच विचारवंत मार्की द काँदोर्से म्हणायचा की उमेदवारांच्या जोड्या लावून झुंजवा. तसं केलं तरी विनोदीच जिंकतो: युद्धपटाला नऊ-सहा आणि कौटुंबिकला दहा-पाच असं हरवून.

चिठ्ठ्या त्याच, माणसं तीच, आवडीनिवडी तसूभर बदललेल्या नाहीत. तरी विजेते तीन.

ऑस्करमध्ये यांपैकी दोन रीती एकाच रात्री वापरल्या जातात, हे आमच्या हॉटेलात कुणालाच माहीत नव्हतं. अभिनय, दिग्दर्शन वगैरे बहुतेक विभागांत साधा हिशेब: ज्याला जास्त मतं त्याला बाहुली. सर्वोत्कृष्ट चित्रपटासाठी मात्र 2010 च्या सोहळ्यापासून पसंतीक्रम लिहून घेतात आणि तळाचा सिनेमा बाद करत जातात. कारण सरळ आहे. त्या वर्षी नामांकनं पाचावरून दहावर नेली. दहा सिनेमांत मतं फाटली तर जुन्या रीतीने दहा टक्क्यांच्या किंचित वर मतं मिळवणाराही जिंकू शकला असता.

यावरून एक समजूत पसरली आहे की, या पद्धतीत सगळ्यांचा 'दुसऱ्या नंबरचा लाडका' जिंकतो. मला ती अर्धीच पटते. आमच्या विनोदी सिनेमाकडे बघा. तो कुणाच्याच चिठ्ठीत शेवटी नव्हता, तरी पहिल्याच फेरीत घरी गेला. दुसरी पसंती उपयोगी पडायची तर त्याआधी पहिल्या पसंतीची मतं हवीत, नाहीतर तिथवर टिकणार कोण?

ही रीत आपल्याला परकी नाही. राष्ट्रपतिपदाची निवडणूक अशीच होते आणि गोव्याचे आमदारही तिच्यात पसंतीक्रम लिहितात. 1969 साली व्ही. व्ही. गिरी पहिल्या पसंतीत पुढे होते, पण निम्मा टप्पा गाठता आला नव्हता. तिसऱ्या क्रमांकावर होते आपले चिंतामणराव देशमुख. दुसऱ्या पसंतीची मतं मोजली तेव्हा त्यांतली बरीच नीलम संजीव रेड्डींकडे गेली, तरी गिरी थोडक्यात निसटले. (त्याच वर्षी ऑस्करमध्ये सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा मान कॅथरिन हेपबर्न आणि बार्बरा स्ट्रायसँड या दोघींना विभागून गेला, मतं बरोबरीत सुटली म्हणून.)

"मग बोर्दाचीच रीत का नाही घेत?" चौघा विनोदीवाल्यांना ती आवडणारच. पण तिच्यात चलाखीला वाव आहे. समजा, पाच कौटुंबिकवाल्यांनी ठरवलं की विनोदी डोईजड होतोय, त्याला मुद्दाम शेवटी टाकू आणि युद्धपट दुसरा लिहू. आता बेरीज करा: कौटुंबिक 14, विनोदी 14 आणि युद्धपट 17. ज्याचं तोंड बघायचं नव्हतं, त्यालाच यांनी निवडून आणलं!

निर्दोष रीत सापडेल का, याचं उत्तर अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ केनेथ ॲरो यांनी 1951 साली गणिताने दिलं. पर्याय तीन किंवा जास्त असले की न्यायाच्या अगदी साध्या वाटणाऱ्या चार-दोन अटीही पसंतीक्रमाची कुठलीच रीत दरवेळी एकदम पाळू शकत नाही. सगळ्यांनी एकाच माणसाची मर्जी मानायची ठरवली तर गोष्ट वेगळी. ॲरोंना 1972 साली नोबेल मिळालं. पुढे अमर्त्य सेन यांनीही याच वाटेवर मोठं काम केलं.

पर्याय दोनच असले तर ही भानगड उरत नाही. 16 जानेवारी 1967 चा गोव्यातला जनमत कौल आठवा: एका बाजूला फूल, म्हणजे महाराष्ट्रात विलीन व्हायचं; दुसऱ्या बाजूला दोन पानं, म्हणजे वेगळा संघप्रदेश राहायचं. संघप्रदेशाला 1,72,191 मतं, विलीनीकरणाला 1,38,170. वरच्या कुठल्याही रीतीने मोजा, निकाल तोच येतो. त्या कौलावर आमच्याकडे अजून वाद होतात, पण कुणी मोजणीची रीत काढून भांडत नाही.

पणजीला दर नोव्हेंबरात इफ्फी हा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरतो, तिथे सुवर्ण मयूर या सर्वोच्च पुरस्काराचा निर्णय मूठभर परीक्षक एकत्र बसून, बोलून करतात. एकमेकांचं मत वळवता येतं, हा त्यांचा फायदा. ऑस्करच्या हजारो मतदारांना ती सोय नाही, आणि कुठल्या सिनेमाला किती मतं पडली हे अकादमी जाहीरही करत नाही. त्यामुळे आमच्या टेबलावर दर मार्चात नवी भाजी मागवली जाते.

माझं बिल मात्र त्या दिवशी परत द्यावं लागलं. हिशेब पाठीमागे होता, पुढे चौदा कप चहा लिहिलेला होता, आणि तो कोणी द्यायचा यावर पंधरा मतं पडली.