दहा-दहाची बरोबरी आणि न मिटलेलं अजिंक्यपद

मिनेसोटा आणि मिशिगन या दोन अमेरिकी विद्यापीठांचे फुटबॉल संघ समोरासमोर येतात तेव्हा पणाला लागतो एक चिनी मातीचा घडा. लोणच्याच्या मोठ्या बरणीएवढा, तोंडाशी निमुळता, धरायला एक कान. ३१ ऑक्टोबर १९०३ रोजी मिशिगनचा संघ मिनियापोलिसला खेळायला गेला होता. यजमानांनी दिलेल्या पाण्याचा भरवसा कोच फील्डिंग योस्ट यांना वाटेना, म्हणून संघाचं काम पाहणाऱ्या एका विद्यार्थ्याने गावातल्या दुकानातून तीस सेंटला तो घडा आणला. सामना ६-६ असा सुटला. अगदी शेवटी मिनेसोटाने बरोबरी साधली, प्रेक्षक मैदानात घुसले, वेळ शिल्लक असतानाच खेळ थांबवावा लागला आणि त्या गोंधळात घडा तिथंच राहून गेला. मिनेसोटाच्या खेळसाहित्याची देखभाल करणाऱ्या ऑस्कर मन्सनना तो सापडला. मग त्यावर रंगाने लिहिलं गेलं की हा मिशिगनचा घडा, ऑस्करने पकडलेला. खाली दोन्ही संघांचे गुण: मिनेसोटाचा सहा ठसठशीत मोठा, मिशिगनचा सहा इवलासा.

त्या इवल्याशा सहावर माझा जीव आहे. सामना बरोबरीत सुटला तरी मनातला निकाल कुठून तरी बाहेर येतोच, आणि इथं तो घड्यावरच उमटला. १९०९ साली दोन्ही संघ पुन्हा भेटले तेव्हा जिंकेल त्याने घडा न्यायचा असं ठरलं. मिशिगनने १५-६ असा विजय मिळवून तो परत नेला. आज त्याची एक बाजू निळी आणि दुसरी मरून आहे आणि अंगभर जुन्या सामन्यांचे आकडे लिहिलेले आहेत. घडा कुणाकडे आहे याबद्दल कधीच वाद होत नाही, कारण तो एका वेळी एकाच कपाटात असतो.

देशाच्या अजिंक्यपदाला मात्र असा घडा शंभराहून अधिक वर्षं मिळाला नाही. त्या पोकळीतूनच अमेरिकी कॉलेज फुटबॉलचे सगळे वाद उगवले आहेत. (हा फुटबॉल म्हणजे लांबट चेंडू हातात घेऊन पळण्याचा, हेल्मेट घालून खेळायचा खेळ, आपण ज्याला फुटबॉल म्हणतो त्याला तिकडे सॉकर म्हणतात.)

पहिला कॉलेज सामना मानतात तो ६ नोव्हेंबर १८६९ चा, न्यू जर्सीतल्या न्यू ब्रन्सविक गावातला. रटगर्स आणि प्रिन्स्टन यांचे पंचवीस-पंचवीस जण मैदानात होते, चेंडू गोल होता आणि तो हातात घेऊन पळायला मनाई होती. रटगर्सने ६-४ असा सामना जिंकला. आठवड्याने प्रिन्स्टनने ८-० अशी परतफेड केली. तिसरा सामना ठरला होता, पण झालाच नाही. म्हणजे पहिल्याच हंगामात दोघांच्या नावावर एकेक विजय आणि निकाल लावणारं कुणीच नाही. पुढे अनेक वर्षांनी इतिहास लिहिणाऱ्यांनी १८६९ चं अजिंक्यपद कुणी प्रिन्स्टनला दिलं, कुणी दोघांत वाटलं.

पुढच्या काळात येल विद्यापीठाच्या वॉल्टर कॅम्प यांनी खेळाला आजचा सांगाडा दिला. पण खेळ फार रानटी होता. १९०५ च्या हंगामात शाळा-कॉलेजांतली मिळून डझनाहून अधिक मुलं दगावली. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टनच्या लोकांना व्हाइट हाउसमध्ये बोलावून खेळ सुधारायला सांगितलं. १९०६ साली चेंडू हवेतून पुढे फेकायला परवानगी मिळाली आणि त्याच धांदलीत विद्यापीठांची एक संघटना उभी राहिली. १९१० पासून तिला एनसीएए म्हणतात. ही संघटना मुलं मरू नयेत म्हणून जन्माला आली, मुकुट वाटण्यासाठी नव्हे. नंतर तिने इतर खेळांत राष्ट्रीय स्पर्धा भरवल्या, विजेते ठरवले. पण फुटबॉलच्या सर्वांत वरच्या गटात तिने स्वतः अजिंक्यपद आजवर दिलेलं नाही.

ते द्यायचं तरी कसं? देश अवाढव्य, संघ शेकड्यांनी, आणि हा खेळ अंगाला इतका पिळून काढतो की आठवड्याला एकापेक्षा जास्त सामना जमत नाही. संघ आपापल्या विभागातल्या कॉन्फरन्समध्ये, म्हणजे विद्यापीठांच्या गटात, खेळत. हंगाम संपला की मोजक्या संघांना नववर्षाच्या सुमारास ऊबदार गावी सामन्याचं आमंत्रण येई. याला बाउल म्हणतात. कॅलिफोर्नियातल्या पॅसाडिनाचा रोझ बाउल हा त्यांतला सर्वांत जुना. १९०२ च्या पहिल्याच सामन्यात मिशिगनने स्टॅनफर्डचा ४९-० असा धुव्वा उडवला होता. बाउल म्हणजे बक्षिसादाखल मिळालेली सहल, तिथल्या निकालाने वर्षाचा हिशेब बदलायचा नाही, असंच अनेक वर्षं मानलं जाई. ही समजूत लक्षात ठेवायला हवी, पुढचे अर्धे वाद तिच्यापायी झाले.

मग मोकळ्या जागेत बाहेरची माणसं आली. १९२६ साली इलिनॉय विद्यापीठातले अर्थशास्त्राचे प्राध्यापक फ्रँक डिकिन्सन यांनी गणिती पद्धतीने संघांची क्रमवारी लावली. १९३६ पासून असोसिएटेड प्रेस म्हणजे एपी ही वृत्तसंस्था क्रीडा पत्रकारांची मतं घेऊन दर आठवड्याला यादी छापू लागली. पहिल्या वर्षी अव्वल ठरला मिनेसोटा. १९५० पासून कोच लोकांच्या मतांची दुसरी यादी सुरू झाली, ती यूपी (पुढे यूपीआय) ही वृत्तसंस्था काढायची. वर्तमानपत्रांना आठवडाभर पुरेल असा विषय मिळावा हा एपीच्या यादीमागचा एक हेतू होता. तो विषय अख्ख्या शतकाला पुरला.

दोन्ही यादीकर्ते शेवटचं मतदान बाउलच्या आधीच उरकत. त्याचा फटका १९६४ च्या हंगामात बसला. एपी आणि यूपीआयने अलाबामाला विजेता ठरवलं आणि १ जानेवारी १९६५ रोजी ऑरेंज बाउलमध्ये टेक्ससने त्यांना २१-१७ असं हरवलं. त्याच टेक्ससला हरवलेल्या आर्कान्सॉने मात्र बाउलसकट एकही सामना न गमावता हंगाम संपवला होता. फुटबॉल लेखकांच्या संघटनेने आपला करंडक त्यांना दिला. पुढच्या वर्षी एपीने बाउल संपेपर्यंत थांबायचं ठरवलं, त्याचा फायदा पुन्हा अलाबामालाच झाला. आणि १९६६ मध्ये एपी परत जुन्या पद्धतीवर आली. याहून चुकीचं वर्ष तिला सापडलं नसतं.

१९ नोव्हेंबर १९६६, मिशिगन राज्यातलं ईस्ट लॅन्सिंग. नोत्र दाम पहिल्या क्रमांकावर, मिशिगन स्टेट दुसऱ्या, दोघंही अपराजित. (मिशिगन स्टेट आणि घड्यावाला मिशिगन ही एकाच राज्यातली दोन वेगळी विद्यापीठं.) स्टेडियममध्ये ८० हजारांवर माणूस. नोत्र दामचा चेंडू घेऊन धावणारा गडी निक एडी आगगाडीतून उतरताना घसरला होता आणि खांदा दुखावून बसला होता. खेळ सुरू झाल्यावर क्वार्टरबॅक टेरी हॅनरॅटी, ज्याच्या हातावर सगळा डाव फिरतो तो, पहिल्याच सत्रात मिशिगन स्टेटच्या बब्बा स्मिथच्या धडकेने जायबंदी झाला. त्याच्या जागी आलेला कोली ओब्रायन मधुमेही होता. मिशिगन स्टेट १०-० असं पुढे गेलं. ओब्रायनच्या पासवर एक टचडाउन (चेंडू समोरच्यांच्या गोलरेषेपार नेणं) झालं, मग शेवटच्या सत्राच्या सुरुवातीला एक फील्ड गोल (खांबांमधून लाथाडलेला चेंडू) आणि सामना १०-१०. नोत्र दामचा आणखी एक फील्ड गोल थोडक्यात बाजूने गेला.

शेवटचा मिनिट-सव्वा मिनिट राहिला तेव्हा चेंडू नोत्र दामकडे होता, पण त्यांच्याच अर्ध्यात. कोच अरा पार्सेगियन यांच्यापुढे दोन वाटा होत्या: लांब पास टाकून जिंकायला जायचं, किंवा चेंडू सांभाळत घड्याळ संपू द्यायचं. पास अडवला गेला तर सामना हातचा जाणार. त्यांनी सांभाळायचं ठरवलं. समोरून मिशिगन स्टेटची पोरं डिवचत होती, गॅलरीतून आरडाओरडा चालला होता, आणि अव्वल क्रमांकाचा संघ पुढे घुसायचं सोडून चेंडू छातीशी धरून बसला होता. सामना १०-१० वरच संपला. अख्ख्या देशाने ज्या निकाली कुस्तीची वाट पाहिली होती तिचे दोन्ही मल्ल उभेच राहिले.

पुढचा प्रकार मला आजही पटत नाही. दोघांपैकी कुणीही बाउल खेळलं नाही. नोत्र दामचं तेव्हा बाउल न खेळण्याचं धोरण होतं. मिशिगन स्टेटच्या कॉन्फरन्सचा नियम असा की रोझ बाउलखेरीज दुसरा बाउल नाही, आणि तिथंही लागोपाठ दोन वर्षं एकच संघ नाही. आठवड्याने नोत्र दामने सदर्न कॅलिफोर्नियाला ५१-० असं चिरडलं आणि दोन्ही याद्यांनी त्यांना विजेता केलं. नॅशनल फुटबॉल फाउंडेशनने आपलं मानचिन्ह नोत्र दाम आणि मिशिगन स्टेटमध्ये वाटून दिलं. आणि तिसऱ्या क्रमांकावर राहिला तो अलाबामा: दोन वर्षं लागोपाठ एपीचा विजेता, यंदा एकही बरोबरी नाही, एकही पराभव नाही, बाउलमध्ये नेब्रास्कावर ३४-७ असा दणदणीत विजय. तो सामना झाला तेव्हा मतदान आटोपलेलं होतं.

अलाबामावर अन्याय झाला, हे नुसत्या आकड्यांवरून म्हणता येतं. पण त्या वर्षाची गोष्ट आकड्यांपाशी संपत नाही. अलाबामाचे कोच बेअर ब्रायंट यांच्या त्या संघात एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता. तीनच वर्षांपूर्वी, जून १९६३ मध्ये, दोन कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना प्रवेश मिळू नये म्हणून राज्याचे गव्हर्नर जॉर्ज वॉलेस याच विद्यापीठाच्या दारात आडवे उभे राहिले होते. उलट मिशिगन स्टेटचे कोच डफी डॉहर्टी दक्षिणेतल्या अशाच मुलांना बोलावून घेत, ज्यांना स्वतःच्या राज्यातल्या मोठ्या विद्यापीठांचे संघ दार उघडत नव्हते. बब्बा स्मिथ टेक्ससमधल्या बोमाँटचा, क्वार्टरबॅक जिमी रे नॉर्थ कॅरोलायनामधल्या फेएटव्हिलचा. नोत्र दामच्या संघात ॲलन पेज हा एकच कृष्णवर्णीय खेळाडू होता. पत्रकारांनी मत देताना हे मनात धरलं का, हे मतपत्रिकेवर लिहिलेलं नसतं. माझ्या मते धरलं असेल तर ते चूक नव्हतं. ज्या संघाने आपल्याच राज्यातल्या उत्तम खेळाडूंना कातडीच्या रंगावरून बाहेर ठेवलं, त्याच्या अपराजित हंगामाचं वजन तेवढ्यापुरतं कमी होतंच. अलाबामाच्या संघात पहिला शिष्यवृत्तीधारक कृष्णवर्णीय खेळाडू, विल्बर जॅक्सन, मैदानात उतरायला १९७१ उजाडलं.

आज अलाबामा विद्यापीठ आपली म्हणून जी १८ अजिंक्यपदं मोजतं त्यांत १९६६ नाही, पण १९४१ आहे. १९४१ साली हा संघ दोन सामने हरला होता, एपीच्या यादीत विसावा होता, आणि त्याच्या स्वतःच्या कॉन्फरन्सचं विजेतेपद मिसिसिपी स्टेटने नेलं होतं. डीक हूलगेट यांच्या गणिती क्रमवारीत मात्र तो पहिला होता, तेवढा आधार विद्यापीठाला पुरला. जुनी वर्षं अशी वहीत चढवण्याचं काम १९८० च्या दशकात झालं. हा प्रकार एकट्या अलाबामाचा नाही. १९४५ चा ओक्लाहोमा ए अँड एम संघ (आजचं ओक्लाहोमा स्टेट) सगळे नऊ सामने जिंकला होता, पण एपीने मान दिला आर्मीला, म्हणजे अमेरिकी लष्करी अकादमीच्या संघाला. कोचच्या संघटनेने ते अजिंक्यपद ओक्लाहोमा स्टेटला दिलं २०१६ साली, म्हणजे ७१ वर्षांनी.

१९६८ पासून एपी कायमची बाउलनंतर मतदान करू लागली. यूपीआयला १९७३ ची ठेच लागावी लागली: तिने अलाबामाला विजेता ठरवलं आणि बाउलमध्ये नोत्र दामने त्यांना २४-२३ असं एका गुणाने हरवलं. तरीही दोन याद्या दोन विजेते देत राहिल्या, १९९० मध्ये कोलोरॅडो आणि जॉर्जिया टेक, १९९१ मध्ये मायामी आणि वॉशिंग्टन, १९९७ मध्ये मिशिगन आणि नेब्रास्का. १९९८ पासून बीसीएस या व्यवस्थेने पहिल्या दोघांचा सामना लावायचं ठरवलं, तर २००३ मध्ये बीसीएसचा विजेता लुइझियाना स्टेट आणि एपीचा सदर्न कॅलिफोर्निया. २०१४ च्या हंगामापासून चार संघांची बाद फेरी आली. २०१७ मध्ये सेंट्रल फ्लोरिडाने सर्वच्या सर्व १३ सामने जिंकले, तरी त्यांना त्या चौघांत घेतलं नाही. त्यांनी मग स्वतःच अजिंक्यपद जाहीर केलं आणि डिस्ने वर्ल्डमध्ये मिरवणूक काढली. त्यांनी बाउलमध्ये हरवलेल्या ऑबर्नने त्याच हंगामात अंतिम फेरीतल्या दोन्ही संघांना, अलाबामा आणि जॉर्जियाला, एकेकदा हरवलं होतं. मिरवणुकीचा तो हक्क मला त्यांच्यापासून काढून घ्यावासा वाटत नाही.

२०२४ पासून बाद फेरीत बारा संघ खेळतात. पहिल्या वर्षी ओहायो स्टेटने नोत्र दामला ३४-२३ असं हरवून विजेतेपद मिळवलं. तेव्हाही शेवटच्या जागेवरून ठिणगी पडलीच: एसएमयूला (सदर्न मेथडिस्ट विद्यापीठाला) आत घेतलं, तीन सामने हरलेला अलाबामा बाहेर राहिला. आणि १९९६ च्या हंगामापासून सामना बरोबरीत सोडायचाच नाही असा नियम आहे, गुण सारखे झाले की जादा खेळ होतो. पार्सेगियन यांच्यापुढची दुसरी वाट आता उरलेली नाही. मन्सन यांच्या घड्यावरही आता दोन सहा शेजारी शेजारी लिहायची वेळ येणार नाही.