सॅनवरच्या व्हीएमचा बॅकअप: आम्ही तो कसा घेतो आणि तुम्ही काय सांभाळायचं

सांगली, कोल्हापूर भागातल्या आमच्या बहुतेक ग्राहकांकडे सर्व्हर रूमचं चित्र सारखंच असतं. दोन-तीन ईएसएक्सआय सर्व्हर (ईएसएक्सआय हे व्हर्च्युअल मशीन्स चालवणारं व्हीएमवेअर कंपनीचं सॉफ्टवेअर), मधे स्विच आणि रॅकच्या तळाशी एक सामायिक स्टोरेज. या जोडणीलाच सॅन म्हणतात. अकाउंट्स, ईआरपी, फाइल सर्व्हर, डोमेन कंट्रोलर ही सगळी व्हर्च्युअल मशीन्स (व्हीएम, म्हणजे सर्व्हरच्या आत चालणारे सॉफ्टवेअरचे कॉम्प्युटर) चालतात सर्व्हरवर, पण त्यांच्या डिस्क असतात त्या एकाच स्टोरेजमध्ये. म्हणूनच एक सर्व्हर बंद पडला तरी मशीन दुसऱ्यावर उभं राहतं. सोय मोठी आहे, पण सगळ्या वाडीला एकच विहीर असावी तसं हे आहे. विहीर आटली की कोणाच्याच घरी पाणी नाही.

"स्टोरेजला रेड आहे, दोन कंट्रोलर आहेत, मग आणखी बॅकअप कशाला?" हा प्रश्न आम्हाला नेहमी विचारला जातो. रेड, म्हणजे अनेक डिस्क एकत्र बांधून वापरायची पद्धत, फक्त डिस्क बिघडली तर सांभाळून घेतं. कोणी फोल्डर उडवला किंवा रॅन्समवेअरने फाइल्स कुलूपबंद केल्या, तर रेड तो बदलही तितक्याच इमानदारीने सगळ्या डिस्कवर लिहितं. स्नॅपशॉटचं, म्हणजे मशीनची त्या क्षणाची स्थिती धरून ठेवायच्या सोयीचंही तेच. तो त्याच स्टोरेजमध्ये राहतो, त्यामुळे स्टोरेज गेलं की तोही गेला. शिवाय व्हीएमचा स्नॅपशॉट उघडा ठेवला की नवीन लिखाण वेगळ्या डेल्टा फाइलमध्ये साचत जातं. डेटास्टोअर, म्हणजे व्हीएमच्या फाइल्सची स्टोरेजमधली जागा, भरला की त्यावरची मशीन्स जागच्या जागी थांबतात. कुठलाही स्नॅपशॉट ७२ तासांपेक्षा जास्त ठेवू नका असं खुद्द व्हीएमवेअर सांगतं. अपडेटच्या आधी घेतलेला आणि सहा महिने विसरलेला स्नॅपशॉट आम्हाला आजही सापडतो, आणि तो काढताना जीव मुठीत धरून बसावं लागतं.

लॅनवरून नाही, थेट स्टोरेजमधून

आमची पद्धत अशी. बॅकअपसाठी वेगळा सर्व्हर ठेवतो आणि त्याला फायबर चॅनल किंवा आयस्कझीने (स्टोरेज जोडायच्या दोन पद्धती) स्टोरेजशीच जोडतो. रात्री ठरलेल्या वेळी व्हीएमचा तात्पुरता स्नॅपशॉट घेतला जातो. या मशीनची डिस्क लनच्या (स्टोरेजमधून सर्व्हरला डिस्क म्हणून दिलेल्या हिश्श्याच्या) कुठल्या ब्लॉकवर आहे, ते बॅकअप सर्व्हर व्हीसेंटरला (सगळे ईएसएक्सआय सर्व्हर सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरला) विचारतो आणि ते ब्लॉक स्वतः वाचतो. वाचून झालं की स्नॅपशॉट मिटवला जातो. ऑफिसच्या लॅनवर किंवा ईएसएक्सआय सर्व्हरवर त्याचा ताण फारसा येत नाही.

याचा फरक आकड्यांत बघा. १ गिगाबिटच्या लॅनवर प्रत्यक्षात सेकंदाला जेमतेम ११० मेगाबाइट जातात. म्हणजे ४ टेराबाइटच्या पूर्ण बॅकअपला १० तास. रात्री १० ला सुरू केलं तर सकाळी ८ वाजतात, आणि तोवर पहिली पाळी कामाला लागलेली असते. ८ गिगाबिट फायबर चॅनलची क्षमता सेकंदाला सुमारे ८०० मेगाबाइट आहे. अर्थात स्टोरेजच्या डिस्क आणि बॅकअप ठेवायची जागा जितकं ओढू शकतील, तेवढाच वेग मिळतो. पहिल्या पूर्ण बॅकअपनंतर रोज फक्त बदललेले ब्लॉक घेतले जातात. ही सोय २००९ मध्ये व्हीएमवेअरच्या व्हीस्फिअर ४ बरोबर आली, आणि रोजचं काम तिच्यामुळेच तासांवरून मिनिटांवर येतं.

एक कळकळीची विनंती

बॅकअप सर्व्हरवर बहुधा विंडोज असतं, आणि त्याला तुमच्या सगळ्या मशीन्सची लन दिसत असते. विंडोजला व्हीएमएफएस, म्हणजे व्हीएमवेअरची डिस्कवर फाइल्स मांडायची पद्धत, वाचता येत नाही. त्यामुळे डिस्क मॅनेजमेंट उघडलं की कधी कधी ते विचारतं, डिस्क इनिशियलाइज करायची का? कोणी भाबडेपणाने ओके दाबलं, तर डेटास्टोअरच्या पार्टिशन टेबलवरच (डिस्कचे भाग कुठे आहेत ते सांगणाऱ्या तक्त्यावरच) लिहिलं जाऊ शकतं. म्हणून लन जोडण्याआधीच आम्ही ऑटोमाउंट (नवी डिस्क आपोआप जोडून घ्यायची विंडोजची सवय) बंद करतो आणि शेअर्ड डिस्क ऑफलाइनच राहतील अशी पॉलिसी लावतो. स्टोरेजमध्ये सोय असेल तर लन फक्त वाचण्यापुरतीच देतो. मग रिस्टोर नेटवर्कवरून करावा लागतो, थोडा वेळ जास्त जातो, पण तो आम्हाला मान्य आहे. तुम्ही एवढंच करा: त्या सर्व्हरवर दुसरं कुठलंही काम नको. टॅलीची जादा प्रत नको, प्रिंटरचा ड्रायव्हरसुद्धा नको.

हिरवी खूण दिसली म्हणजे झालं असं नाही

एका ग्राहकाकडे रोजचा रिपोर्ट कित्येक महिने हिरवा येत होता. आम्ही काम हाती घेतल्यावर चाचणी म्हणून ईआरपीचं मशीन वेगळ्या नेटवर्कवर उभं केलं. विंडोज सुरू झालं, लॉगिन झालं, पण डी ड्राइव्ह नाही. डेटाबेसची डिस्क आरडीएम पद्धतीने (स्टोरेजची लन थेट मशीनला देऊन), फिजिकल मोडमध्ये जोडलेली होती. अशा डिस्कचा व्हीएम स्नॅपशॉट होत नाही, त्यामुळे बॅकअप तिला वगळून पुढे जात होता. लॉगमध्ये तशी एक ओळ होती, ती कोणी वाचली नव्हती. इंडिपेंडंट मोडच्या (स्नॅपशॉटमधून वगळलेल्या) डिस्कचंही असंच होतं. त्या दिवसापासून काम सुरू करताना आम्ही प्रत्येक मशीनची प्रत्येक डिस्क मोजतो, आणि अशा डिस्कसाठी मशीनच्या आत एजंट (बॅकअप घेणारं छोटं सॉफ्टवेअर) टाकून वेगळा बॅकअप लावतो.

एसक्यूएल सर्व्हर (डेटाबेस) असेल तर व्हीएसएस, म्हणजे बॅकअपसाठी डेटा क्षणभर स्थिर करणारी विंडोजची सोय, चालू हवं, म्हणजे अर्धवट व्यवहार मधेच अडकलेला डेटाबेस हाती येत नाही.

दुसरी प्रत कुठे?

फेब्रुवारी २०२३ मध्ये ईएसएक्सआयआर्ग्स या रॅन्समवेअरने जगभरातल्या ईएसएक्सआय सर्व्हरवर थेट हल्ला करून व्हीएमच्या फाइल्स कुलूपबंद केल्या. त्यामुळे बॅकअप सर्व्हर तुमच्या डोमेनमध्ये घ्यायचा नाही, त्याचा पासवर्ड वेगळा, आणि निदान एक प्रत अशी की ठरलेल्या मुदतीआधी ती आम्हालाही पुसता येऊ नये.

पुराची गोष्ट इथे कोणाला नव्याने सांगायला नको. सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट आहे, आणि ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. २०२१ च्या जुलैत पुन्हा पूर आला. सर्व्हर रूम तळमजल्यावर आणि बॅकअपचा बॉक्स त्याच रॅकमध्ये असेल, तर दोन्ही एकाच पाण्यात जातात. दुसरी प्रत नदीकाठापासून लांब, दुसऱ्या गावात हवी. शाखा असेल तर तिथे, नसेल तर क्लाउडवर. पण क्लाउड निवडताना सर्व्हर भारतात आहे ना, ते पाहा. हिशेबाची पुस्तकं इलेक्ट्रॉनिक स्वरूपात ठेवणाऱ्या कंपन्यांनी त्यांचा बॅकअप रोज भारतातल्या सर्व्हरवर घ्यावा, असा नियम ऑगस्ट २०२२ पासून आहे. प्रायव्हेट लिमिटेड असाल तर तुमच्या सीएंना जरूर विचारा.

दर तीन महिन्यांनी आम्ही एक मशीन रिस्टोर करून दाखवतो. कुठलं, ते तुम्ही सांगायचं. त्या वेळी तुमच्या अकाउंट्समधलं कोणीतरी अर्धा तास शेजारी बसावं आणि आदल्या दिवसाचं शेवटचं व्हाउचर स्वतः उघडून बघावं. नवीन व्हीएम केलं, डिस्क वाढवली किंवा लन बदलली, तर त्याच दिवशी आम्हाला फोन करा. रात्रीच्या यादीत ते आपोआप येईलच असं नाही.