अणुभट्टीची मुदतवाढ: सुरक्षा तपासणी वेगळी, पर्यावरण परिणाम मूल्यांकन वेगळं

जुन्या अणुवीज केंद्राला मुदतवाढ द्यायची म्हटलं की एक उत्तर हमखास मिळतं: "सुरक्षा तपासणी झाली आहे, मग पर्यावरणाचा वेगळा अभ्यास कशाला?" या दोन गोष्टी एकच समजण्याची गल्लत बेल्जियमच्या सरकारनेच केली, आणि ती न्यायालयात टिकली नाही.

सुरक्षा तपासणी यंत्राची असते. न्यूट्रॉनच्या सततच्या माऱ्याने भट्टीचं पोलादी पात्र किती ठिसूळ झालं, केबलींचं आवरण शाबूत आहे का, पूर किंवा भूकंप आला तर पंप चालतील का, हे त्यात पाहतात. साधारण दर दहा वर्षांनी ती होते आणि मामला मुख्यतः चालक कंपनी व अणुऊर्जा नियामक यांच्यातला असतो.

पर्यावरण परिणाम मूल्यांकनाचा प्रश्न निराळा आहे. केंद्र आणखी दहा वर्षं चाललं तर नदीचं काय, माशांचं काय, वाढलेलं वापरलेलं इंधन ठेवणार कुठे, दुसरा पर्याय आहे का? इथे लोकांना आणि गरज पडल्यास शेजारच्या देशालाही विचारावं लागतं, तेही निर्णयाआधी. यंत्र ठणठणीत आहे म्हणून हे प्रश्न सुटत नाहीत.

अँटवर्पजवळ स्खेल्ड नदीकाठी डूल केंद्र आहे, नेदरलँड्सच्या सीमेला लागूनच. त्याची पहिली भट्टी चाळीस वर्षं पूर्ण होताच फेब्रुवारी 2015 मध्ये बंद झाली होती. 28 जून 2015 च्या कायद्याने तिला पुन्हा सुरू करायची मुभा दिली आणि दुसरीलाही 2025 पर्यंत मुदत वाढवून दिली. सोबत सुमारे 70 कोटी युरोंची कामं होती: भट्ट्यांवरच्या घुमटांचं आधुनिकीकरण, वापरलेल्या इंधनाच्या टाक्यांचं नूतनीकरण, नवं पंपिंग स्टेशन, पुरापासून बचाव. मूल्यांकन मात्र झालंच नाही. दोन पर्यावरण संघटना न्यायालयात गेल्या.

29 जुलै 2019 रोजी युरोपीय संघाच्या न्यायालयाने सांगितलं की मुदतवाढ आणि ही कामं मिळून एक नवा 'प्रकल्प' होतो, म्हणून मूल्यांकन कायदा होण्याआधीच व्हायला हवं होतं. यातली खोच लक्षात घ्या. प्रत्यक्ष काम काहीच नसलेलं नुसतं परवान्याचं नूतनीकरण म्हणजे प्रकल्प नव्हे, असं याच न्यायालयाने आधी म्हटलं होतं. डूलमध्ये मोठी बांधकामं मुदतवाढीशीच जोडलेली होती, त्यामुळे ती पळवाट उरली नाही. मार्च 2020 मध्ये बेल्जियमच्या घटनात्मक न्यायालयाने कायदा रद्द केला. पण वीजपुरवठा तुटू नये म्हणून त्याचे परिणाम 2022 अखेरपर्यंत चालू ठेवले आणि तेवढ्यात राहिलेलं मूल्यांकन करायला लावलं. निर्णय झाल्यावर केलेलं मूल्यांकन मला अपुरंच वाटतं. चालू भट्टीबद्दल मत विचारलं तर 'नको' म्हणायला जागा कितीशी उरते?

आपल्याकडे तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्या 1969 पासूनच्या. असं मूल्यांकन भारतात सक्तीचं झालं 1994 मध्ये, त्यामुळे त्या उभ्या राहताना जनसुनावणी हा प्रकारच नव्हता. आपलं अणुऊर्जा नियामक मंडळ ठरावीक काळाने सुरक्षा आढावा घेतं आणि तो हवाच. पण केंद्रातून समुद्रात सोडलेल्या कोमट पाण्याबद्दल घिवली, दांडीच्या मच्छीमारांचं म्हणणं त्या आढाव्यात येत नाही. मुदतवाढीचा विषय निघेल तेव्हा हे म्हणणं आधी ऐकून घेतलं पाहिजे.