तर्षण (परासरण)

अर्धपार्य, म्हणजे पाणी जाऊ देणाऱ्या पण विरघळलेले पदार्थ अडवणाऱ्या, पटलातून विरळ द्रावणाकडील पाणी संहत (दाट) द्रावणाकडे जाण्याची क्रिया. मीठ लावलेल्या कैरीला पाणी सुटते ते यामुळेच.

शालेय पुस्तकांत ‘परासरण’ रूढ आहे. मराठी विश्वकोशाने ‘तर्षण’ स्वीकारले. संस्कृत ‘तर्ष’ म्हणजे तहान. ‘ऑस्मॉसिस’ या इंग्रजी नावाचे ग्रीक मूळ मात्र ढकलण्याच्या अर्थाचे आहे. जिवंत पेशींचा विचार करता तहानेची कल्पना अधिक जवळची वाटते, म्हणून येथे तोच शब्द योजला आहे.

शोधाचे श्रेय बहुधा फ्रेंच धर्मगुरू झां-आंत्वान नोले (१७४८) यांना देतात. मद्यार्काने भरलेल्या भांड्याच्या तोंडाला प्राण्याचे मूत्राशय ताणून बांधून त्यांनी ते पाण्यात बुडवले. पडदा फुगला आणि टाचणी टोचताच द्रव उडाला. परंतु नोले दुसऱ्याच प्रश्नाच्या शोधात होते. वनस्पती व प्राणी यांच्या पेशींशी या क्रियेचा संबंध १८२६ च्या सुमारास आंरी द्युत्रोशे यांनी जोडला, तिला नावही दिले. सुरुवातीला त्यांनी कारण विजेत शोधले, तरी जीवशास्त्रापुरते श्रेय त्यांचेच मानणे योग्य. या क्रियेतून निर्माण होणाऱ्या दाबाचे, म्हणजे तर्षण दाबाचे, मापन फेफर (१८७७) व सिद्धांत व्हान्ट हॉफ यांचा. पेशीपटलातील जलमार्ग, म्हणजे ॲक्वापोरिन, पीटर ॲग्रे यांनी १९९२ च्या सुमारास ओळखला (नोबेल, २००३).

ठाणे खाडीतील तिवर हे खारफुटीचे झाड या विषयाचे उत्तम उदाहरण. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात आणि त्याचा तर्षण दाब साधारण २५ वातावरणांइतका (हवेच्या नेहमीच्या दाबाच्या २५ पट) भरतो. साधे रोप अशा पाण्यात सुकून जाईल, कारण पाणी मुळांतूनच उलट बाहेर ओढले जाते. तिवराची मुळे बहुतेक मीठ बाहेरच अडवतात. पानांतून बाष्प उडत राहिल्याने खोडातल्या नलिकांत ताण निर्माण होतो. शोलँडर व सहकाऱ्यांनी १९६५ मध्ये दाबपात्राने (तोडलेल्या फांदीवर दाब देऊन हा ताण मोजणाऱ्या उपकरणाने) खारफुटीत तो ३५ वातावरणांहूनही अधिक मोजला. या ओढीपुढे समुद्राची ओढ कमी पडते. पानांच्या पेशीही आपल्या रसात क्षार व सेंद्रिय द्रव्ये साठवून ताठ राहतात.

तरी थोडे मीठ आत शिरतेच. ते पानांवरील ग्रंथींतून बाहेर पडते. ऐरोलीच्या काठी उन्हाळ्यात तिवराच्या पानावर बारीक पांढरे कण चमकतात. बोट फिरवून जिभेला लावले की खारट लागते. कांदळ या दुसऱ्या खारफुटीच्या पानांवर अशा ग्रंथी नसतात. पावसाळ्यात खाडीचे पाणी बरेच गोडे होते, मुळांवरचा भार हलका होतो आणि पानांवरचे मीठ धुऊन जाते.